मध्येच बंद पडतं

त्या कादंबरीचं सातवं प्रकरण लिजिनाने दीडशे वेळा तरी ऐकलं असेल. त्यात सुमती नावाची बाई नवऱ्याचं घर सोडते, शिलाई मशीन डोक्यावर घेऊन टेकडीची वाट उतरते आणि अर्ध्या वाटेत मशीन खाली ठेवून रडते. पहिल्या पाच-सहा वेळा लिजिनाला तिची दया आली होती. आता मशीन खाली ठेवायची वेळ जवळ आली की लिजिनाचा जबडा आपोआप आवळला जायचा. तरी प्रकरण पुन्हा लावावं लागे. बेचाळीस मिनिटांचं, म्हणजे तपासायला सगळ्यांत लांब तेच होतं.

लिजिना एक्केचाळीस वर्षांची होती. तलश्शेरीत जुन्या बसस्टँडसमोर शिंप्याच्या दुकानावर एक छोटं ऑफिस होतं, चार माणसांचं, तिथे ती मोबाइलची अ‍ॅप लिहायची. त्याआधी नऊ वर्षं बंगळुरात मोठ्या कंपनीत होती. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून दोन महिन्यांची रजा काढून आली आणि वडील अडीच वर्षं अंथरुणावर राहिले. ते गेले तोवर बंगळुरातली तिची जागा, टेबल, ओळखीची माणसं, सगळं पांगलं होतं. परत जाऊन पुन्हा पहिल्यापासून उभं राहायची उमेद तिच्यात उरली नव्हती. ऑफिस मनोहरनचं. तो कॉलेजात तिच्या तीन वर्षं पुढे होता, म्हणून ती त्याला मनोहरेट्टा, म्हणजे मनोहरदादा, म्हणायची. वडील गेले त्याच आठवड्यात त्याने कामाला येतेस का विचारलं, ती हो म्हणाली. आई आणि ती, दोघीच घरात. सकाळी पावणेनऊची बस, संध्याकाळी सहाची.

मनोहरनकडे जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या संघाचं काम होतं. संघाने ‘केळ्वी’ नावाचं अ‍ॅप करून घेतलं होतं. केळ्वी म्हणजे ऐकणं. रोज सकाळी कुणी ना कुणी स्वयंसेवक वर्तमानपत्र वाचून ध्वनिमुद्रित करायचा, दुपारी गोष्टी, आणि दर मंगळवारी एका कादंबरीचं नवं प्रकरण. म्हातारी माणसं, डोळ्यांनी अधू माणसं, हातात काम असलेल्या बायका ते ऐकायच्या. ऐकणारे अकरा हजारांवर गेले, आणि तक्रार आली. एकच वाक्य, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. मध्येच बंद पडतं.

कधी बंद पडतं, किती वेळाने, त्याआधी फोनवर काय केलं होतं, असं लिजिना उलट विचारायची. उत्तर यायचं, मध्येच.

ऑफिसात तिच्या टेबलावर तपासायचे सहा फोन होते, सहा वेगवेगळ्या कंपन्यांचे. ती सहांवर सुमती लावून ठेवायची. दिवसभर सहा सुमती टेकडी उतरायच्या. एकही थांबायची नाही.

“आपल्याकडे तर चालतंय,” मनोहरन म्हणाला.

“आपल्याकडे चालतंय हेच तर दुखणं आहे, मनोहरेट्टा. इथे बिघडलं असतं तर परवाच दुरुस्त झालं असतं.”

दर सोमवारी संघाचे सचिव गंगाधरन मास्टर फोन करायचे. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि मनोहरनशी अजून बाकावर उभं केल्यासारखेच बोलायचे. त्यांचा फोन संपला की मनोहरन लिजिनाकडे नुसता बघायचा. त्यापेक्षा बोलला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

अ‍ॅप आपण होऊन एक नोंद ऑफिसकडे पाठवायचं. कुठल्या फोनवर केव्हा सुरू झालं, केव्हा थांबलं. त्या नोंदी चाळताना तिला एक फोन सापडला. रविवार सोडून रोज, दुपारी दोन ते तीनच्या मध्ये, एकदा तरी तो थांबायचा. आठ-दहा मिनिटं गप्प, मग पुन्हा सुरू. पडद्यावरचं बटण कुणी दाबलं असेल तर तशी वेगळी नोंद होते. ती नव्हती. म्हणजे दोष. आणि रोज ठराविक वेळी होणारा दोष सापडायला सोपा, असं तिने मनोहरनला सांगितलंही.

त्याला दोन महिने झाले. आधी तिला वाटलं, दुपारच्या उन्हात फोन तापत असेल. मग वाटलं, त्या वेळी टॉवरवर गर्दी होत असेल. मग वाटलं, फोनची मेमरी भरून जात असेल. प्रत्येक शंकेवर तिने अ‍ॅपची नवी आवृत्ती काढली, चार आवृत्त्या झाल्या. दरवेळी दुसऱ्या दिवशी अडीचच्या सुमाराला ती डबा बाजूला सारून पडद्याकडे बघत बसायची, तापाच्या माणसाच्या उशाशी बसावं तशी. दोन बत्तीसला, दोन एकेचाळीसला केव्हातरी ओळ उमटायची. थांबलं.

चौथ्यांदा तसं झालं तेव्हा ती मास्टरांना म्हणाली, “हा फोन कुणाचा आहे ते शोधून द्या. मी तिथे जाऊन बसते.”

फोन निघाला रोहिणी नावाच्या बाईचा. एडक्काडच्या पुढे विड्यांची एक शेड होती. एके काळी तिथे तीनशे माणसं होती, आता सव्वीस बायका उरल्या होत्या. रोहिणीचा फोन ब्लूटूथवर एका स्पीकरला जोडलेला असायचा आणि सगळी शेड ऐकायची.

मंगळवारी लिजिना नवाच्या आत तिथे पोचली. दारातच तंबाखूचा वास नाकात शिरला आणि तिला लागोपाठ पाच शिंका आल्या.

“ही कंपनीची बाई वाटतं,” आतून कुणीतरी म्हणालं. “आपला फोन बरा करायला आलीय आणि स्वतःच सर्दीने बेजार.”

चार रांगांत बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखूचा भुगा. बोटं चालू आणि नजर भलतीकडेच. रोहिणी पन्नाशीची, ठसठशीत बाई होती. तिने डोळ्यांनीच खिडकी दाखवली. खिडकीच्या फळीवर फोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरा बांधलेला.

“तंबाखू जाऊ नये म्हणून बांधलाय, मोळे. त्यानेच तर बंद पडत नाही ना?”

“नाही, चेच्ची. पिशवीने काही होत नाही.” रोहिणीने तिला लेक म्हटलं, तिने रोहिणीला ताई.

“बघा, मी म्हटलं होतं,” रोहिणीने शेजारणीला ऐकवलं. “ही दोन महिने माझ्या पिशवीच्या नावाने बोटं मोडतेय.”

लिजिनाने फोनला आपला लॅपटॉप जोडला. आत काय काय घडतंय ते त्यावर ओळीने उमटत होतं. मांडीवर वही घेतली. साडेनवाला वर्तमानपत्र सुरू झालं. पहिल्या रांगेच्या टोकाला, स्पीकरला अगदी खेटून, एक वाळलेली म्हातारी बसली होती. तिला सगळ्या देवूएडत्ती, म्हणजे देवूताई, म्हणत. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती जागा दिली होती. लिजिनाने तिच्याकडे बघून हसून मान हलवली. म्हातारीने बोटं न थांबवता मान हलवली.

नऊ बावन्नला आवाज थांबला. रोहिणीच्या मावसबहिणींच्या ग्रुपवर निरोप आला होता आणि त्याची धून वाजायला लागली. पाच सेकंदांची धून. ती संपली, पण वर्तमानपत्र पुन्हा सुरू झालं नाही. 

“हं,” रोहिणी म्हणाली. “हे बघ. आता मी सूप खाली ठेवायचं, हात पुसायचे, पिशवीची गाठ सोडायची, दाबायचं, पुन्हा गाठ मारायची. तोवर हिच्या पंधरा विड्या होतात.”

“मग मला दे की फोन,” शेजारीण म्हणाली.

“दिला असता. मागच्या वेळी दिला तर माझ्या मुलाचे फोटो बघत बसलीस.”

दहा एकवीसला रेशन दुकानातून फोन आला. तेच झालं. अकराला कुणीतरी सिलिंडरवाल्याला करायचा फोन चुकून रोहिणीला लावला. तेच. वहीत ओळी भरत गेल्या आणि लिजिनाला एकेक ओळीबरोबर कळत गेलं. फोनमध्ये वाजायचा हक्क एका वेळी एकालाच असतो. दुसऱ्या कुणाला वाजायचं असेल तर तो मागतो, आणि मागताना सांगतो, घटकाभरासाठी हवाय की कायमचा. घटकाभर मागितला तर पहिल्याने तेवढ्यापुरतं थांबायचं आणि मग आपलं पुढे चालू करायचं. त्यांचं अ‍ॅप दोन्हीला एकच समजत होतं. कुणी पाच सेकंद मागितले तरी कायमचं गप्प बसत होतं.

आणि ऑफिसातले सहा फोन? त्यांत सिमकार्डच नव्हतं. त्यांना ना रेशन दुकान, ना सिलिंडर, ना मावसबहिणींचा ग्रुप. जगात कुणीच नसलेले फोन. त्यांना मध्येच थांबवणार कोण?

तिने लॅपटॉपवर अ‍ॅपच्या प्रोग्राममधली ती ओळ उघडली. कुणी लिहिली, कधी लिहिली, तेही शेजारी दिसतं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, तिनेच. वडील गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. खाली तिचाच शेरा होता, हे नंतर नीट करायचं. ती ओळ लिहिल्याचं तिला काही म्हणजे काही आठवेना. तिने लॅपटॉप थोडा लोटला.

“सापडलं का, मोळे?”

“सापडलं, चेच्ची.”

“मग तोंड का उतरलं?”

“माझीच चूक होती.”

रोहिणीने एक विडी वळून, टोक मुडपून बाजूला टाकली. “बरंय. दुसऱ्याची असती तर त्याला शोधत हिंडावं लागलं असतं.”

बाराच्या सुमाराला दुसरं कारणही आलं. फोनचा पडदा बराच वेळ काळा राहिला की बॅटरी वाचवायला म्हणून फोनच अ‍ॅपला झोपवून टाकत होता. ते तिला ठाऊक होतं, या कंपनीचे फोन त्याबद्दल बदनामच होते. पण एवढ्या लवकर झोपवतात हे ठाऊक नव्हतं. वहीत तेही गेलं.

जेवणाच्या सुट्टीत बायकांनी तिला डबा उघडू दिला नाही. भात, बांगड्याचं कालवण, कुणाची तरी फणसाची भाजी, आणि वर कट्टन, म्हणजे बिनदुधाचा काळा चहा. एकजण तिला म्हणाली, पूर्वी इथे कुमारन वाचायचा. त्याचा घसा कसा होता म्हणून सांगू. प्रत्येकीने आपल्या वाटणीच्या विड्यांतून त्याच्या मजुरीचा वाटा भरून काढायचा आणि त्याने विड्या न वळता दिवसभर वाचायचं, अशी रीत होती. तेरा वर्षांपूर्वी तो गेला. मग रेडिओ आला. मग हे.

दोनला बायका पुन्हा सुपांवर बसल्या. आजचं प्रकरण सुरू झालं. अकरावं. सुमती आता कण्णूरला एका खोलीत राहते आणि नवरा तिला न्यायला येतो. लिजिनाने हे प्रकरण आधी ऐकलंच नव्हतं, तिचं सगळं आयुष्य सातव्यात गेलं होतं.  सव्वादोन झाले. तिने लॅपटॉपवर डोळे लावले. रोहिणीचा फोन तिने गप्प करून ठेवला होता, म्हणजे कुणाचा फोन नाही, निरोप नाही. पडदा उजळ ठेवला होता. आता थांबलं तर ते खरंखुरं, ज्याच्यासाठी दोन महिने घालवले तेच असणार.

दोन चौतीसला नवरा दाराशी आला. सुमतीने कडी काढली. आवाज थांबला.

लॅपटॉपवर ओळ उमटली. थांबण्याचा आदेश बाहेरून आला होता. स्पीकरकडून.

लिजिनाने मान वर केली. देवूएडत्तीचा अंगठा स्पीकरच्या बटणावरून नुकताच निघत होता. तो परत सुपाकडे गेला, पान उचललं, वळायला लागला. म्हातारीचा चेहरा जसाच्या तसा.

आणि शेड बोलायला लागली.

“घेऊ नकोस गं बाई त्याला आत.”

“का नाही घ्यायचं? दार ठोठावलंय ना त्याने, लाथ तर नाही मारली.”

“तुझ्या घरी पाठव मग.”

“माझ्या घरी आधीच एक आहे. तोच कुणी घेऊन जात असेल तर बघ.”

“एडत्ती, ऐका,” दुसऱ्या रांगेतली एक बाई म्हातारीकडे तोंड करून, ओठ मोठे करत म्हणाली, “नवरा आलाय. दाराशी. फणस घेऊन आलाय.”

“फणस कुठला? केळ्याचा घड.”

“फणस म्हणाला तो वाचणारा.”

“केळी. मी वळत होते, झोपले नव्हते.”

“काही का आणलं असेना, घेतलं का आत?” देवूएडत्तीने विचारलं. तिचा आवाज तिच्या अंगाच्या मानाने मोठा होता.

“ते अजून सांगितलंच नाही. बंद पडलं ना मध्येच.”

म्हातारी एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्या माना वर, सगळे ओठ हलत होते. सव्वीसजणी सुमतीचा संसार तोडत होत्या, जोडत होत्या, आणि हातातली विडी एकीचीही थांबली नव्हती. नऊ मिनिटांनी अंगठा पुन्हा बटणावर गेला. नवऱ्याला सुमतीने ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं.

साडेतीनला बायका विड्या मोजायला उठल्या तेव्हा लिजिना म्हातारीजवळ जाऊन बसली.  म्हातारीनेच सुरुवात केली.

“पाहिलंस ना?”

लिजिनाने मान हलवली.

“कुमारन वाचायचा तेव्हा माझ्याकडे तोंड करून बसायचा. निम्मं कानाने, निम्मं त्याच्या ओठांवरून कळायचं. ह्याला तोंडच नाही.” तिने स्पीकरवर नखाने टकटक केलं. “नुसतं घूं घूं. मी तीन महिने असंच बसले. सगळ्या हसल्या की हसायचं. मग एकदा हात लागला आणि हे बंद पडलं, तर ह्यांना तोंड फुटलं. तेव्हा मला कळलं की त्या बाईचं नाव सुमती आहे.”

लिजिनाने वही मिटली. 

शेडबाहेर आल्यावर तिने रोहिणीला विचारलं, “तुम्हाला माहीत आहे?”

“कशाचं? एडत्तीचं? सगळ्यांना माहीत आहे.”

“मग तक्रारीत ते का लिहिलंत?”

“आम्ही कुठे लिहिलं? आम्ही फोन आला की बंद पडतं, एवढंच लिहिलं. दुपारचं कुणी सांगितलं तुला?”

कुणीच नाही. ते तिने स्वतःच नोंदींमधून शोधून काढलं होतं. दोन महिने, चार आवृत्त्या, उन्हाचा तपास, टॉवरचा तपास. ज्याची कुणाची तक्रार नव्हती त्याच्यामागे ती धावली होती, आणि ज्याची तक्रार होती ते ती स्वतःच लिहून विसरून गेली होती. परतीच्या बसमध्ये तिला हसू यायला हवं होतं. झोप आली. तलश्शेरीला कंडक्टरने उठवलं.

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल लिहिला. पहिली दोन कारणं आणि त्यांची दुरुस्ती सविस्तर. तिसऱ्यापुढे लिहिलं, ऐकणाऱ्या व्यक्ती स्वतःच्या इच्छेने थांबवतात, दोष नाही. मग सहाही फोनांत सिमकार्डं घालून घेतली आणि चार दिवस त्यांना एकमेकांना फोन करायला लावले. पाचव्या दिवशी नवी आवृत्ती गेली. आठवड्याला चाळीस तक्रारी यायच्या, त्या सहावर आल्या.

गंगाधरन मास्टरांनी अहवाल शब्दन् शब्द वाचला होता. सोमवारी त्यांचा फोन आला. तो ठेवून मनोहरन तिच्या टेबलाशी आला.

“मास्टर म्हणतात, तिसरं कारण तसंच का ठेवलं? स्पीकरचं बटण अ‍ॅपने मानायचंच नाही, असं करता येईल ना?”

“येईल.”

“किती वेळ लागेल?”

“पाच मिनिटं.”

“मग करून टाक. दर सोमवारी माझी हजेरी घेतात ते.”

“मी नाही करणार, मनोहरेट्टा.”

तिचा आवाज चढला नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तशी ती म्हणाली होती. मनोहरनने खुर्ची ओढली. तिने त्याला देवूएडत्तीचं सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. तो ऐकत राहिला, खिशातून पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

“हे अहवालात का नाही लिहिलं?”

“लिहिलं तर मास्टर उद्या सकाळी शेडवर जाऊन तिला समजावून सांगतील. किंवा कानाचं मशीन घेऊन जातील, सोबत फोटो काढणारा.”

मनोहरन हसला, कारण ते खरं होतं. “मग काय सांगू त्यांना?”

“सांगा, फार अवघड आहे. इतर ठिकाणी बिघडेल. तेही खोटं नाही, गाडी चालवणाऱ्यांना ते बटण लागतंच.”

त्याने तसं सांगितलं. मास्टरांनी पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या सोमवारी विचारलं नाही.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका बुधवारी सकाळी नवीन तक्रार आली. पानूरच्या एका शाळेतल्या शिपायाची, चांगली पानभर. शेजारी मर्तिक झालं होतं. तो तिथे बसायला गेला, जाताना त्याने ऐकत असलेलं वर्तमानपत्र स्वतः बंद केलं होतं. तिथे फोन आला, त्याने दोन शब्द बोलून ठेवला, आणि खिशातून मोठ्या आवाजात फुटबॉलच्या बातम्या सुरू झाल्या. प्रेताजवळ. लोकांनी कसं बघितलं ते त्याने दोन ओळींत लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, मी रागावलेलो नाही, पण हे बघावं.

लिजिनाने वाचलं आणि कुठे चुकलं ते तिला तिथेच कळलं. फोन संपला की पुढे चालू करायचं, हे तिने शिकवलं होतं. त्याआधी माणसाने स्वतःच बंद केलं होतं का, हे बघायला शिकवलं नव्हतं. एका ओळीची भर. चहा निवायच्या आत ती लिहून झाली, तपासायला दिवस गेला. संध्याकाळी तिने शिपायाला निरोप पाठवला, चूक माझ्याकडून झाली, दुरुस्त केली आहे, त्या घरच्या माणसांनाही सांगा.

सहाच्या बसला बसायला जागा मिळाली. घरी आईने कंजी, म्हणजे भाताची पेज, केली होती, सोबत खोबऱ्याची चटणी. आईने विचारलं, आज लवकर कशी. ती म्हणाली, रोजच्याच वेळेला आले. मग जेवून ताट धुतलं, उद्याचे कपडे काढून ठेवले आणि नऊच्या आत आडवी झाली.